कळ बसते, कीड नाही

निपाणीच्या तंबाखू वखारीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या कनवटीला मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची, पुडी ठरलेली. आमच्या शेजारच्या आक्का दुखऱ्या दाढेवर बोटानं मिश्री दाबायच्या आणि म्हणायच्या, ‘‘बघ, आता कळ बसंल.’’ कळ बसायची. दाढ आतून पोखरतच राहायची. शेवटी ती काढली. मग तिच्या शेजारची.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. दाताभोवतीचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या टणक कवचातलं कॅल्शियम, फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ ते परत भरत असते, पेस्टमधलं फ्लोराइड तिच्या मदतीला येतं. म्हणून सुरुवातीचा पांढरट डाग माघारी फिरू शकतो. पण एनॅमलला नसच नाही, तेव्हा तो दुखत नाही. आणि दुखत नसताना दवाखान्यात जातंय कोण? तंबाखूनं हिरड्या मागं सरल्या की मुळं उघडी पडतात, ती तर ६.५ च्या आसपासच्या सौम्य आम्लातही विरघळतात.

ठणका लागतो तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेला भिडलेली असते. मग रूट कॅनॉल, म्हणजे काही हजार रुपये आणि दोन-तीन फेऱ्या. नाहीतर एका फेरीत दात उपटून मोकळं. बेळगावच्या दंत महाविद्यालयांत काम स्वस्तात होतं, पण निपाणीहून ते ७५ किलोमीटरच्या आसपास. फेरी म्हणजे खाडा. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागं मिळते. न वळलेल्या विड्यांचे पैसे कोण देणार?

सरकारी पैसा येतो तो फार उशिरा. कर्नाटकानं ‘दंतभाग्य’मध्ये बीपीएल कार्डावरच्या वयस्करांना मोफत कवळी देऊ केली. चांगलंच केलं, पण कवळी लागते ती दात संपल्यावर. आयुष्मान कार्डाचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर, आणि दाढ भरायला कुणी दाखल होत नाही.

खरं तर स्वस्त औषध आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. कीड आतल्या नसेला भिडली नसेल तर तिच्यावर एखादा थेंब ब्रशनं लावायचा. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात टणक करतं. ना सुई, ना ड्रिल. एकच खोट, किडका भाग कायमचा काळा पडतो.

मिश्री लावणाऱ्याला काळ्याचं काय, असं मी आक्कांना म्हणालो. त्या उसळल्याच. ‘‘माझ्या दाढंला लाव की. नातीच्या फुडच्या दातास्नी नको, तिचं लगीन ठरायचंय.’’