पिकअपच्या टायरवरचा हिमकण

कॅनडातल्या कॅलगरीत ऑक्टोबर लागला की टायरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग सुरू होते. गेल्या वर्षी एका मित्राबरोबर मी अशाच रांगेत उभा होतो. तो नागपूरहून येऊन दोनच वर्षं झालेली आणि जुनी पिकअप नुकतीच हौसेने घेतलेली. काउंटरवरच्या मुलाने पटापट तीन प्रश्न टाकले: पी (पॅसेंजर, म्हणजे कारचा) हवा की एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड भाराचा), एम प्लस एस चालेल की हिमकणाच्या चिन्हाचाच पाहिजे, आणि खिळे मारायचे का? मित्राने आपल्या घासत आलेल्या टायरकडे बोट दाखवलं. त्यावर एम प्लस एस कोरलेलं होतं, म्हणजे ‘मड अँड स्नो’. टायरवरच बर्फ लिहिलंय, तर वेगळा हिवाळी टायर कशाला?

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, कारण टायरच्या अंगावरचं प्रत्येक अक्षर वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीपोटी तिथे आलेलं आहे.

पहिला उपाय साखळीचा. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने 1904 मध्ये टायरवर चढवायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी लोक चाकांना दोर गुंडाळून चिखलातून वाट काढत. साखळी पकड देते, पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर आली की खडखडते, रस्ताही खाते आणि स्वतःही झिजते. घाटात तेवढी चढवायची आणि खाली उतरलं की काढायची. रोजच्या ये-जा करण्याला तिचा उपयोग नाही.

साखळीचं काम रबराकडूनच करून घ्यावं ही कल्पना फिनलंडमध्ये प्रत्यक्षात आली. तिथल्या नोकिया गावातल्या रबर कारखान्याने 1934 मध्ये ‘केलिरेंगास’ नावाचा टायर काढला आणि तो कारसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. बर्फात माल पोचवायची गरज आधी ट्रकवाल्यांची होती. टायरच्या रुंदीभर आडवे जाड पट्टे, ते मऊ बर्फात रुतायचे आणि गाडी पुढे ढकलायचे. दोन वर्षांनी, 1936 मध्ये, कारसाठी ‘लुमी हाक्कापेलिट्टा’ आला. हाक्कापेलिट्टा हे सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचं नाव, आणि लुमी म्हणजे बर्फ. आपल्या पिढीने ज्या नोकियाचे फोन वापरले, तिची नाळही याच गावाशी: 1967 मध्ये रबर, केबल आणि कागद अशा कंपन्या एकत्र होऊन ती कंपनी झाली. टायरचा धंदा नंतर वेगळा निघाला.

आडव्या पट्ट्यांनी मऊ बर्फ जिंकला, पण काचेसारखा गोठलेला रस्ता तसाच राहिला. त्यावर 1960च्या दशकात खिळे आले: रबरात बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे छोटे दात. बर्फावर त्यांना तोड नव्हती. पण हिवाळाभर प्रत्येक दिवशी रस्त्यावर बर्फ नसतोच, आणि बर्फ नसला की तेच दात डांबर कोरत सुटतात. रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या, दुरुस्तीचा खर्च वाढला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच खिळ्यांवर बंदी घातली. जपानात गोष्ट आणखी पुढे गेली. सेंदाई आणि सापोरोसारख्या शहरांत खिळ्यांनी उडवलेली डांबराची भुकटी हवेत तरंगू लागली. रस्त्यांपुरता प्रश्न नागरिकांच्या फुप्फुसांचा झाला, आणि 1990 मध्ये कायदा करून खिळे बंद करण्यात आले.

या बंदीने हिवाळी टायरला जेवढं पुढे नेलं तेवढं कुठल्या जाहिरातीने नेलं नसेल, असं माझं मत आहे. खिळ्यांचे दिवस भरत आले हे दिसू लागल्यावर उत्तर रबरातच शोधावं लागलं. कायद्याच्या दोन वर्षं आधीच, 1988 मध्ये, ब्रिजस्टोनने जपानात ‘ब्लिझॅक’ आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या होत्या. बर्फावर चाक फिरताना पाण्याचा जो पातळ थर तयार होतो आणि ज्यावरून गाडी खरी घसरते, तो थर या पोकळ्या शोषून घेत. टायरच्या नक्षीत सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा तर आधीपासून होत्या. पुढे 1990च्या दशकात सिलिका मिसळलेलं रबर रूढ झालं, ते थंडीत मऊ राहतं. साधं रबर पारा साधारण 7 अंशांखाली गेला की कडक होऊ लागतं. उणे 20ला उन्हाळी टायरला अंगठ्याने दाबून बघा, सुकलेल्या चपलेच्या तळव्यासारखा लागतो. नक्षी कितीही खोल असली तरी असं रबर बर्फाला धरत नाही.

मग एम प्लस एस कुठून आलं? अमेरिकेत रेडियल टायर (आतल्या थरांचे धागे आडवे बसवलेले) रूढ होण्याआधी हिवाळ्यात मागच्या दोन चाकांना जाड गोट्यांचे, घोंघावणारे टायर चढवायची पद्धत होती, कारण गाड्या मागच्या चाकांवर चालत. पिकअपवाले तर पाळण्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, वाळूची पोती टाकत. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे इंजिनावर असतं. मागची चाकं जवळपास हलकी, आणि जोर मात्र त्यांनीच लावायचा. 1977 मध्ये गुडइयरने ‘टिएम्पो’ हा बारमाही रेडियल आणला आणि टायर बदलायची कटकट संपली असं लोकांना वाटलं. अशा टायरवर एम प्लस एस छापण्यासाठी लागणारी अट निव्वळ भूमितीची होती: नक्षीतली मोकळी जागा किमान 25 टक्के, कडेच्या खाचा अमुक लांबीच्या, अमुक कोनातल्या. त्यासाठी ना बर्फ लागतो, ना रस्ता. पट्टी आणि कोनमापक पुरतो. रबर कशाचं आहे हे ती अट विचारतच नाही.

म्हणून 1999 मध्ये उत्तर अमेरिकेत दुसरं चिन्ह आलं: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. यासाठी टायर दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चालवावा लागतो आणि ठरवलेल्या संदर्भ टायरच्या तुलनेत साधारण दहा टक्के तरी जास्त पकड दाखवावी लागते. पट्टी-कोनमापकापेक्षा हे खूपच बरं. तरी या परीक्षेत एक खोच आहे, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. तिथे मोजतात ती गाडी पुढे खेचण्याची ताकद. थांबण्याची आणि वळण्याची परीक्षा त्यात नाही, आणि काळ्या बर्फाची, म्हणजे डांबरावर गोठलेल्या, न दिसणाऱ्या पातळ थराची तर नाहीच.

याचा गोंधळ पिकअपच्या बाजारात सगळ्यात जास्त. आडवाटेसाठी केलेले ऑल टेरेन टायरही आता ही परीक्षा पास होतात आणि हिमकण मिरवतात. ‘बीएफगुडरिच’चा केओ2, 2014 पासूनचा, हे त्याचं ठळक उदाहरण. टायर दणकट आहे, ताज्या बर्फात आणि चिखलात छान चालतो. पण त्याच्या रबराला जुलैच्या तापलेल्या रस्त्यावरही टिकायचं असतं. चौकात पॉलिश झालेल्या बर्फावर मऊ, बारीक चिरांचा खरा हिवाळी टायर वेगळाच वागतो. दोघांच्या अंगावर चिन्ह मात्र एकच.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने ही चिन्हं कायद्यात आणली. 2008 मध्ये तिथे हिवाळी टायर सक्तीचे झाले, 2014च्या डिसेंबरपासून नुसतं एम प्लस एस बाद झालं आणि हिमकण बंधनकारक ठरला. मागे दोन टायर चढवून भागवायची जुनी सवयही तिथे चालत नाही, चारही लागतात. कॅलगरी ज्यात आहे त्या आमच्या अल्बर्टा प्रांतात अशी सक्ती नाही. इथे ज्याने त्याने आपलं ठरवायचं. फोर बाय फोरवाले, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांचे मालक, हमखास म्हणतात की आम्हाला गरज नाही. फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करतं. ब्रेक लावल्यावर चारही चाकं टायरच्या भरवशावर असतात, तेव्हा ते काही करत नाही.

राहिला पी की एलटी. आपल्याकडे ट्रकवाले आजही ‘16 प्लायचा टायर’ म्हणतात, तसं इथे ‘10 प्लाय’ म्हणतात आणि टायरवर लोड रेंज ई असं लिहिलेलं असतं. सुती कापडाच्या काळात प्लाय खरेच थर होते, मोजून घेता येत. पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद आल्यावर दोन-तीन थरांतच तेवढी ताकद मावली, आकडा नुसता मानाचा उरला. हा ई म्हणजे एलटीतलाच टायर, तो 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेवर आपला पूर्ण भार उचलतो. पाळण्यात रोज विटा, सिमेंट असेल किंवा मागे ट्रेलर ओढायचा असेल तर तोच घ्यावा. पण कंपनीने पी टायर दिलेल्या, बहुतेक वेळ रिकाम्या फिरणाऱ्या अर्ध्या टनी, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअपला ई चढवणं मला शोभेचं वाटतं. अंग कडक, गाडी दणके देते, आणि गाडीच्या दारावर कंपनीने चिकटवलेल्या पट्टीत लिहिलेल्या हवेवर तो टायर तेवढा भार पेलत नाही, जास्त हवा लागते. उलट चूकही होते: कारसाठी म्हणून बनवलेला पी टायर हलक्या ट्रकला लावला की त्याची भारक्षमता 1.10 ने भागून धरावी लागते.

युरोपात 2021 पासून बर्फावरच्या, म्हणजे गोठलेल्या रस्त्यावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह टायरच्या लेबलवर येतं. ते फक्त कारच्या वर्गातल्या टायरना मिळतं. ज्या गाड्यांसाठी 1934चा तो पहिला हिवाळी टायर बनला, त्या वर्गाला ही परीक्षा अजून लागू नाही.

मित्राने शेवटी दारावरची पट्टी वाचली. मापात पी लिहिलं होतं. त्याने हिमकणवाले, मऊ रबराचे चार टायर घेतले, खिळे नकोत म्हणाला, आणि दुकानातल्या 20 अंशांच्या उबेत 35 पीएसआय हवा भरून घेतली. पहिल्याच उणे 25च्या सकाळी त्याचा फोन: चारही टायर पंक्चर झालेत का, हवा कमी असल्याचा दिवा लागलाय. गेजवर 27 दिसत होते. हवा कुठेच गेली नव्हती, आकसली होती.