आजोबांना चकवा लागलेला नसतो

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतोच. फोटो, पांढरा लेंगा, निळा शर्ट, 'सकाळी फिरायला बाहेर पडले ते अजून परतले नाहीत, दिसल्यास कृपया कळवा.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग कुणीतरी लिहितं, 'वय झालं की विसरायला होतंच.' आणि ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या बाजूची घटना असली तर 'चकवा लागला असेल' हेही ठरलेलं. दोन्ही गोष्टी चूक आहेत; यामागे पुष्कळदा अल्झायमर हा मेंदूचा आजार असतो.

चकव्याचं आधी उरकून घेऊ. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात नाकासमोर सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. तो झाकला गेल्यावर मात्र वळत वळत गोल फिरू लागली, आणि आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना कळलं नाही. बाहेरची खूण नसली की मेंदूचा अंदाज पावलापावलाला जरासा चुकतो आणि चुका साठत जातात. यात भुताला काही कामच उरत नाही.

हा अंदाज बांधणारी यंत्रणा कानाच्या पातळीला, मेंदूत खोल आतल्या बाजूला आहे. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या याच आतल्या भागात, अशा पेशी दिसल्या, की उंदीर ठरावीक जागी पोचला की ठरावीक पेशीच जागी होते. २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये त्याहून अजब पेशी सापडल्या. यातली एकच पेशी अनेक ठिकाणी जागी होते, आणि ते बिंदू कागदावर मांडले तर समभुज त्रिकोणांची रेखीव जाळी तयार होते, जुन्या घरांतल्या षटकोनी फरशीसारखी. जमिनीवर असं काहीच आखलेलं नसतं! जाळी पेशीच आखते, आणि दिवे घालवले तरी आखत राहते. शेजारची पेशी तीच जाळी जराशी सरकवून आखते. कॉर्टेक्सच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावं तसं जाळीचं माप मोठं होत जातं. लहानमोठ्या मापांच्या या जाळ्या एकमेकींवर पडल्या की 'मी आत्ता इथे आहे' हे ठरतं. तोंड कुठल्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी वेगळ्या, चालण्याचा वेग सांगणाऱ्या वेगळ्या, भिंत जवळ आल्याचं सांगणाऱ्या आणखी वेगळ्या. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूतही अशा जाळीच्या पेशी आढळल्या आहेत.

आता दुर्दैवाचा भाग. अल्झायमरमध्ये टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत साचतात. हाइको आणि एव्हा ब्राक यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून १९९१ मध्ये दाखवलं, की मेंदूच्या बाह्य आवरणात हे गुंते पहिल्यांदा एन्टोरायनल कॉर्टेक्स आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यातच दिसतात. आजार अगदी सौम्य असतानाही तिथल्या दुसऱ्या थरातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. जाळीच्या पेशी दाटीने असतात तो हाच थर, आणि नवी आठवण हिप्पोकॅम्पसकडे जाते तीही याच वाटेने. म्हणून 'आत्ताच चहा घेतला' हे विसरणं आणि नव्या जागी वाट चुकणं ही लक्षणं पुष्कळदा बरोबरच येतात.

नव्या जागी म्हणालो ते मुद्दाम. वर्षानुवर्षांच्या सवयीचा रस्ता बराचसा वेगळ्या यंत्रणेवर, मेंदूतल्या कॉडेट भागाच्या भरवशावर चालतो, आणि ती यंत्रणा उशिरापर्यंत शाबूत राहते. नौपाड्यातल्या घरातून गोखले रोड, तिथून तलावपाळी, कोपीनेश्वराचं दर्शन आणि परत, हे पाय आपोआप करतात. मग इमारत रिडेव्हलपमेंटला जाते. घोडबंदर रोडला भाड्याचा फ्लॅट, चार टॉवर हुबेहूब सारखे, बाविसावा मजला तेविसाव्यासारखाच, खाली पानवाला नाही की ओळखीचं झाड नाही. आजोबा चुकून दुसऱ्याच विंगच्या लिफ्टमधून वर जातात आणि कुणा परक्याच्या दाराला चावी लावत बसतात. घरचे म्हणतात, 'शिफ्ट झाल्यापासून बिघडले.' खरं तर मेंदूतली झीज दहा-पंधरा वर्षं आधीच सुरू झालेली असते. सवयीने ती झाकून ठेवली होती, शिफ्टिंगने उघडी पाडली इतकंच. मला वाटतं, ठाण्यात आज कितीतरी घरांत हेच चाललं असेल. यातले हरवलेले लोक अनेकदा जुन्या पत्त्याकडेच निघालेले असतात, हे शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अर्थात प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. ओळखीच्याचं नाव जिभेवर अडकणं आणि संध्याकाळी आठवणं ही वयाची गोष्ट. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत विशेष), मंद थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही स्मरण ढासळतं, आणि उपचारांनी बरंच सुधारू शकतं. पडून डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनी मेंदूभोवती रक्त साकळून असंच होतं. दारू आणि निकृष्ट आहाराने बी-१ खालावलं की कोर्साकोफचा स्मृतिविकार होतो. मेंदूचे छोटे झटके (स्ट्रोक) आले तर स्मृती पायरी-पायरीने उतरते. आणि एक-दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियम घटणं असं काही असू शकतं, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं. रक्ततपासणी आणि स्कॅन करायचं सोडून 'मेमरी'च्या चूर्णाचा डबा आणणारे लोक हा अमूल्य वेळ घालवतात. लेकॅनेमॅबसारख्या अल्झायमरवरच्या नव्या औषधांच्या बातम्यांनीही हुरळून जाऊ नये: ती सुरुवातीच्या टप्प्यात उतरण जराशी मंदावतात, आजार थांबवत नाहीत, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

ठाणेकरांची आणखी एक अडचण आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ. त्यामुळे वडिलांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं तर घरात कुजबुज सुरू होते. न्यूरोलॉजिस्टकडे चला, तेही चालेल. तिथे बहुधा कोरा कागद देऊन घड्याळ काढायला सांगतात: अकरा वाजून दहा मिनिटं. कधी बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने येतात, कधी काटा दोनवर न जाता दहाच्या आकड्यावर जातो. डॉक्टरांना 'विसरतात' एवढंच सांगून थांबू नका. कुठे वाट चुकले, ती जागा नवी होती की रोजची, आणि हे पहिल्यांदा कधी झालं, ते घरूनच लिहून न्या.