कळ तीच, आकडा वेगळा

बॅकस्पेस दाबावा आणि चुकलेलं अक्षर पुसलं जाण्याऐवजी पडद्यावर ^एच उमटावं, हा अनुभव टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीत, काम करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. शेजारच्या खिडकीत तीच कळ बिनबोभाट चालत असते. पहिला संशय कीबोर्डवर जातो, पण कीबोर्ड ठणठणीत असतो.

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला कळा दिसतच नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते नुसते आकडे. लहान लिपीतलं इंग्रजी 'ए' दाबलं की 97, एंटर दाबला की 13. आता बॅकस्पेसला कोणता आकडा द्यायचा? इथेच सगळं घोडं अडलंय, कारण त्याचे दावेदार दोन आहेत: 8 आणि 127.

आस्की ही अक्षरांना आकडे देणारी पद्धत 1963 साली आली. त्यातल्या 8 चा मूळ अर्थ 'एक घर मागे या' एवढाच. छापणारं यंत्र मागे सरकायचं, पुसायचं मात्र काहीच नाही. 127 ची गोष्ट मला फार आवडते. त्या काळी मजकूर कागदी फितीवर भोकं पाडून साठवत. एका अक्षराला सात जागा. भोक म्हणजे 1, कोरी जागा म्हणजे 0. एकदा पडलेलं भोक बुजवता येत नाही, पण उरलेल्या जागी नवी भोकं नक्की पाडता येतात. म्हणून चूक झाली की फीत एक घर मागे घ्यायची आणि तिथे सातही भोकं पाडून टाकायची. सात एक म्हणजे 127, आणि असा आकडा दिसला की तो सोडून पुढे जायचं, असा संकेत. डेक कंपनीच्या 1983 सालच्या व्हीटी220 टर्मिनलवरची पुसण्याची कळ 127 च पाठवायची. लिनक्सच्या जगातही बहुतेक ठिकाणी हाच आकडा रुजला. तरी 8 पाठवणारे टर्मिनल आजही भेटतात.

खरा गोंधळ पुढे आहे. बॅश शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, 8 आणि 127 दोन्हींना 'पुसा' असंच समजतो, त्यामुळे कमांड लिहिताना सगळं सुरळीत वाटतं. साध्या प्रोग्रॅममध्ये मात्र ओळ सांभाळण्याचं काम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतो, आणि तो पुसण्यासाठी एकच ठरलेला आकडा मानतो. दुसरा आला तर ते त्याच्या लेखी आणखी एक अक्षर. पासवर्ड टाकताना हे फार छळतं. तिथे काहीच दिसत नाही. आपण चूक दुरुस्त केली म्हणून निश्चिंत असतो आणि पासवर्डात मात्र बॅकस्पेसचा तो न दिसणारा 8 जाऊन बसलेला असतो. मी एकदा याच कारणानं बरोबर पासवर्ड तीनदा नाकारला गेलेला पाहिला आणि तासभर भलतीकडेच शोधत बसलो.

म्हणून अंदाज बांधण्याआधी आकडा बघावा. कंट्रोल-व्ही दाबा, मग हवी ती कळ. ^? दिसलं तर 127, ^एच दिसलं तर 8. मग 'एसटीटीवाय -ए' ही कमांड चालवून 'इरेज'पुढे काय लिहिलंय ते पाहा. दोन्ही जुळत नसतील तर दोष सापडला. 'एसटीटीवाय इरेज'पुढे कंट्रोल-व्हीनं दिसलेली ती खूण (^? किंवा ^एच) दिली की त्या सत्रापुरतं काम भागतं. कायमचा उपाय हवा तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये बॅकस्पेस 127 पाठवेल असं करणं मला जास्त बरं वाटतं.

^एच हे नावही हिशेबानंच आलंय. ^ ही कंट्रोलची खूण आणि एच हे इंग्रजीतलं आठवं अक्षर, म्हणून कंट्रोल-एच म्हणजे 8. त्याच न्यायानं कंट्रोल-आय म्हणजे 9, आणि टॅबही 9 च. साध्या टर्मिनलमध्ये या दोन्हींना वेगळी कामं देता येत नाहीत ती यामुळेच. कंट्रोल-एस म्हणजे 19, 'पाठवणं थांबवा'. चुकून दाबला गेला की पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबला की सुटतो.

बाणांच्या कळांना एकच आकडा पुरत नाही. वरचा बाण 27 पासून सुरू होणारी तीन आकड्यांची माळ पाठवतो, आणि तिचीही दोन रूपं आहेत: कधी मध्ये चौकटी कंस, कधी मोठ्या लिपीतलं 'ओ'. कोणतं रूप कधी, याची नोंद टर्मइन्फो नावाच्या कोशात असते, आणि त्यातलं कुठलं पान उघडायचं ते 'टर्म' हा चल, म्हणजे टर्मिनलच्या प्रकाराचं नाव साठवणारी नोंद, सांगतो. एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर काम करण्याच्या सोयीनं, दूरच्या सर्व्हरवर गेलात की हे नाव सोबत जातं, पण ते पान त्या सर्व्हरच्या कोशात असेलच असं नाही. नसलं की बाण, होम, एंड बिथरतात.

एखादा प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर टर्मिनल त्याच्याच सेटिंगमध्ये अडकून राहतं. टाइप केलेलं दिसत नाही, एंटरही चालत नाही, कारण एंटरच्या 13 चं 10, म्हणजे नव्या ओळीचा आकडा, करून देणारी सोय बंद पडलेली असते. अशा वेळी 10 आपणच पाठवायचा. कंट्रोल-जे, मग न दिसताच 'रीसेट', पुन्हा कंट्रोल-जे. क्षणभरात टर्मिनल माणसात येतं.