लाटेची ऊर्जा नेमकी असते कशात?

कंपनाची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, तीच ठेवून लाटेची उंची दुप्पट केली, तर तिच्यातली ऊर्जा चौपट होते. पाण्यावरची लाट असो, ताणलेली तार असो की हवेतला आवाज, अभिजात, म्हणजे विसाव्या शतकाआधीच्या, भौतिकीचा हा हिशोब पक्का होता. लाटेच्या उंचीला आयाम म्हणतात आणि ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आयाम हवा तितका कमी करत गेलो, की ऊर्जाही हवी तितकी कमी होते. मध्ये कुठे पायरी लागत नाही. कणाचं तसं नाही. तो एका वेळी एकाच जागी असतो आणि आपली ऊर्जा सोबत घेऊन फिरतो. लाटेची ऊर्जा मात्र तिच्या पसाऱ्याबरोबर विरळ होत जाते.

प्रकाशाला यातल्या कुठल्या रांगेत उभं करायचं, यावर दीडशे वर्षं वाद झाला. न्यूटन कणांच्या बाजूचा होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंगने व्यतिकरणाचे, म्हणजे लाटेवर लाट मिसळण्याचे, प्रयोग केले आणि प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार होऊ शकतो हे दाखवलं. असं फक्त लाटांनाच जमतं. १८६५ मध्ये मॅक्सवेलच्या समीकरणांनी प्रकाशाला विद्युतचुंबकीय तरंग ठरवलं आणि वाद मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

१८८७ साली हाइनरिश हर्ट्झ हेच तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून मॅक्सवेलला दुजोरा देत होता. त्याच प्रयोगात त्याला एक भलतीच गोष्ट दिसली. धातूच्या टोकांवर अतिनील प्रकाश पडला, की त्यांच्यामधली ठिणगी सहज उडत होती. लहरवादावर शिक्कामोर्तब करणाऱ्या प्रयोगातच त्याला सुरुंग लावणारी नोंद व्हावी, हा विज्ञानाच्या इतिहासातला मला सर्वात आवडणारा योगायोग आहे.

प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, हे पुढे कळलं. १९०२ मध्ये फिलिप लेनार्डने प्रकाशाची तीव्रता वाढवून पाहिली. लाटेच्या नियमाने मोठ्या आयामाच्या तरंगाने इलेक्ट्रॉनला जास्त जोराने ढकलायला हवं होतं. प्रत्यक्षात बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन संख्येने वाढले, पण त्यांची कमाल ऊर्जा जराही बदलली नाही. आणि ठरावीक वारंवारतेच्या खालचा प्रकाश कितीही प्रखर केला, तरी एकही इलेक्ट्रॉन हलत नाही. सोडियममधून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगात ऊर्जा मोजायचं एक लहानसं एकक) ऊर्जा लागते. लाल प्रकाशाला ते जमत नाही, मंद असला तरी जांभळ्या प्रकाशाला जमतं.

वेळेचं कोडं तर आणखी विचित्र आहे. समजा, दर चौरस मीटरवर एक मायक्रोवॅट इतकाच प्रकाश पडतो आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याहून कितीतरी फिका. लाटेची ऊर्जा सगळ्या पृष्ठभागावर सारखी पसरते असं धरलं, तर एका अणूच्या आकाराच्या जागेत इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकी ऊर्जा साठायला महिन्याहून जास्त काळ लागेल. प्रत्यक्षात प्रकाश जांभळा असेल, तर पहिले इलेक्ट्रॉन जवळपास त्याच क्षणी निघतात.

हे कोडं १९०५ मध्ये आइनस्टाइनने सोडवलं. त्याच्या पाच वर्षं आधी माक्स प्लँकने, तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं गणित जुळावं म्हणून, ऊर्जेची देवघेव ठरावीक पुंजांमध्येच, म्हणजे सुट्या पुडक्यांमध्येच, होते असं मानलं होतं. आइनस्टाइन एक पाऊल पुढे गेला: प्रकाशच अशा पुंजांचा बनलेला आहे. प्रत्येक पुंजाची ऊर्जा म्हणजे वारंवारता गुणिले प्लँकचा स्थिरांक. हा स्थिरांक ज्यूल-सेकंदात लिहायचा, तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये आणि मग ६६२६. लाल प्रकाशाच्या एका पुंजात साधारण १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, जांभळ्याच्या पुंजात ३ च्या आसपास. सोडियमचं वागणं इथेच उलगडतं. एक पुंज, एक इलेक्ट्रॉन, व्यवहार एका झटक्यात. प्रखरता वाढवली की पुंज वाढतात, पण एकेका पुंजाची ताकद तीच राहते.

ही कल्पना सहजी कुणाच्या गळी उतरली नाही. १९१३ मध्ये आइनस्टाइनची शिफारस करताना प्लँकनेच, पुंजांच्या बाबतीत त्याचा नेम चुकला असेल, पण ते फार मनावर घेऊ नये, अशा अर्थाची सारवासारव केली. रॉबर्ट मिलिकनने कित्येक वर्षं खपून हे समीकरण तपासलं. १९१६ साली ते तंतोतंत बरोबर निघालं, तरी त्यामागची कल्पना त्याला मान्य नव्हती.

एव्हाना ऊर्जेचा भार आयामाकडून वारंवारतेकडे गेला होता. मग आयामाच्या वर्गाला काय काम उरलं? उत्तर इलेक्ट्रॉनकडून आलं. १९२४ मध्ये लुई द ब्रॉयने कणांनाही तरंगलांबी असते असं सुचवलं. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) जितका जास्त, तितकी ती लहान. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा ते सगळीकडे सारखे उडाले नाहीत. लाटांचं विवर्तन व्हावं, म्हणजे अडथळ्यांवरून त्या वळून पसराव्यात, तसे ते ठरावीक दिशांना जास्त आले. त्यांचं निकेल मुळात बारीक कणांचं होतं. १९२५ मधल्या एका अपघातात नळीत हवा शिरून ते गंजलं, साफ करायला तापवलं तेव्हा त्याचे मोठे स्फटिक झाले, आणि तिथून निकाल बदलू लागले.

पण ही लाट कशाची? १९२६ मध्ये माक्स बॉर्नने सांगितलं, की तिच्या आयामाचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन त्या जागी सापडण्याची संभाव्यता. अभिजात भौतिकीत जी राशी ‘ऊर्जा किती’ हे सांगायची, तीच आता ‘कुठे सापडेल’ हे सांगू लागली. १९८९ मध्ये जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडून हे दाखवलं. पडद्यावर सुरुवातीला विस्कळीत ठिपके उमटले, हजारो ठिपके जमल्यावर त्यातून पट्टे दिसू लागले. प्रत्येक ठिपका कणाचा, पट्टे लाटेचे.

या हिशोबात मॅक्सवेल खोटा पडत नाही. जिथे आयामाचा वर्ग जास्त, तिथे पुंज जास्त सापडतात. प्रत्येकाची ऊर्जा सारखी असेल, तर तिथे ऊर्जाही जास्त जमते. पुंज अगणित झाले की जुना नियम आपोआप परत येतो. १०० मेगाहर्ट्झवरचं एक वॅटचं रेडिओ प्रक्षेपण दर सेकंदाला साधारण १५ वर २४ शून्ये इतके पुंज सोडतं, प्रत्येकाची ऊर्जा नगण्य. मोबाइलच्या लहरींचा पुंजही रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखाव्या भागाइतका नसतो. असे कितीही पुंज आले तर पेशी किंचित तापतील, पण एकेका पुंजाला बंध तोडता येणार नाही. अतिनील प्रकाशाच्या पुंजाला ते जमतं, म्हणून त्वचेला धोका त्याच्याकडून असतो. त्याच्याही पुढे गॅमा किरणांचा एकेक पुंज इतका ताकदवान, की किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक पकडलेल्या प्रत्येकाची वेगळी टिकटिक ऐकवतो, तर रेडिओच्या अँटेनाला एकसंध लाटेखेरीज काही जाणवत नाही.