उगवता चंद्र मोठा हवा असेल तर मागे सरका

हात पूर्ण लांब करून करंगळीच्या नखाने चंद्र झाकून बघा. डोक्यावर आलेला पौर्णिमेचा चंद्र सहज झाकला जातो. क्षितिजावर नुकताच वर आलेला, अवाढव्य वाटणारा चंद्रही त्याच नखाआड तितक्याच सहज जातो. आकाशात चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते आणि उगवताना ती वाढत नाही. उलट थोडी कमीच असते. चंद्र डोक्यावर येईपर्यंत पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपण त्याच्या दिशेने जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतके, म्हणजे ६,४०० किलोमीटरच्या आसपास, पुढे गेलेले असतो. त्यामुळे क्षितिजावरचा चंद्र दीडेक टक्क्याने लहान असतो. तो मोठा दिसतो हा आपल्या मेंदूने केलेला अंदाज आहे, आणि कॅमेरा असा अंदाज करत नाही. डोळ्यांनी पाहिलेला भव्य चंद्र फोटोत ठिपका होऊन येतो, त्याचं कारण हे.

ठिपका किती बारीक असेल याचा हिशेब सोपा आहे. लेन्सच्या फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला, ११० ने भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेची रुंदी मिळते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने ती अर्धा मिलिमीटरही भरत नाही. २०० च्या लेन्सने १.८ मिलिमीटर, ६०० च्या लेन्सने साडेपाच. तुलनेसाठी, मोठ्या कॅमेऱ्यांतल्या फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटरच असल्यामुळे त्याच्या सेन्सरवर चंद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो.

म्हणजे मोठी टेलिफोटो लेन्स घेतली की काम झालं? माझ्या मते अर्धंच झालं. रिकाम्या आभाळातला चंद्र कितीही मोठा टिपला तरी तो उगवतीचा आहे की मध्यरात्रीचा, हे फारतर रंगावरून कळतं. उगवत्या चंद्राला भव्यपणा येतो तो शेजारच्या झाडामुळे, मनोऱ्यामुळे, टेकडीवर उभ्या असलेल्या माणसामुळे. आणि या दोघांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण लेन्स बदलू शकत नाही. लेन्स दोघांनाही सारखंच मोठं करते. प्रमाण बदलतं ते फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

इथे ११० हा आकडा पुन्हा कामाला येतो. कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून पाहिली की ती चंद्राएवढी दिसते. ३० मीटर उंचीचं दीपगृह घ्या. ३०० मीटरवरून फोटो काढलात तर चंद्र दीपगृहाच्या अकराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे टोकावरच्या दिव्याच्या खोलीशेजारी टांगलेला गोळा वाटेल. तिथून मागे सरकत ३.३ किलोमीटरवर गेलात की दीपगृह लहान होत होत चंद्राच्या मापाचं होईल. चंद्र आहे तेवढाच राहील. मग ६०० ची लेन्स लावली की अख्खं दीपगृह मागच्या चंद्रबिंबात मावलेलं दिसेल. उभ्या माणसाला हेच करायचं तर साधारण १९० मीटर अंतर पुरतं. अशा फोटोंवर नेहमी जोडकामाचा संशय घेतला जातो, पण त्यातले कित्येक अस्सल असतात. त्यामागे एवढीच पायपीट असते.

पायपिटीच्या आधी दिशेचा हिशेब मात्र चोख हवा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. म्हणून सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवत असतो त्या महिन्यांत पूर्ण चंद्र पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, आणि उलट. शिवाय उगवण्याची जागा एका दिवसात पाच-सहा अंशांनीही सरकते, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या दहा-बारा पट. नकाशावर चंद्राची दिशा दाखवणारी ॲप्स हे गणित करून देतात, पण ती बहुधा सपाट क्षितिज धरतात. समोर दोन अंश उंचीची डोंगररांग असेल तर चंद्र उशिरा दिसतो आणि तोवर बाजूलाही सरकलेला असतो, उत्तर गोलार्धात उजवीकडे. ४० अंश अक्षांशावर हे सरकणं चंद्राच्या तीन रुंदींपेक्षा जास्त भरतं. आपल्या ३.३ किलोमीटरच्या दीपगृहासाठी चंद्राची एक रुंदी म्हणजे जमिनीवर ३० मीटर. तेव्हा ट्रायपॉड उचलून शंभर मीटर पळता येईल अशी मोकळी जागा निवडावी. वेळ फार नसतो. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढं अंतर सुमारे दोन मिनिटांत पार करतो.

क्षितिजावरचा चंद्र खालून चपटा दिसतो तो लेन्सचा दोष नव्हे. वातावरण प्रकाशाला वाकवून चंद्राला अर्ध्या अंशाहून थोडं अधिक वर उचलून दाखवतं. समुद्राच्या कडेला नुकताच टेकलेला पूर्ण चंद्र प्रत्यक्षात जवळपास सगळाच क्षितिजाखाली असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब दबतं. तो प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतो. वाटेत निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीने विखुरतो आणि उरतो तांबूस रंग. कॅमेऱ्यातली रंग आपोआप दुरुस्त करणारी सोय, ऑटो व्हाइट बॅलन्स, हा तांबूसपणा चूक समजून पुसण्याचा धोका असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवावा. ६०० च्या लेन्सने शटर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा संथ नको, चंद्राच्या गतीने कड पुसट होते.

आता उजेड. पूर्ण अंधार पडल्यावर चंद्राला जपलं तर जमीन काळी होते आणि जमिनीला जपलं तर चंद्र पांढरा डाग. म्हणून मी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळच्या बाजूने आहे. त्या दिवशी चंद्र सरासरी पन्नासेक मिनिटं आधी उगवतो, सूर्य अजून मावळायचा असतो आणि समोरच्या वस्तूवर ऊन असतं.

हा तोल साधणारा सर्वांत प्रसिद्ध फोटो छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावाजवळ काढला. चंद्र क्षितिजापासून बराच वर आलेला, मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या क्रुसांवर, आणि ॲडम्स यांना घाईत लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं. त्यावरून मनात हिशेब करून त्यांनी एफ/३२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप बारीक करून, एक सेकंदाचं एक्सपोजर दिलं. दुसऱ्या फोटोसाठी फिल्म होल्डर उलटेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं.

फोटोची तारीख मात्र त्यांनी नीट नोंदवली नव्हती. ती पुढे चंद्राच्या जागेवरूनच काढावी लागली. १९८१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड एल्मोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारी ४:०३ अशी वेळ काढली. हौशी खगोल अभ्यासक डेनिस डी चिक्को यांना चंद्राची जागा त्या वेळेशी जुळेना. ॲडम्स आजच्या महामार्गावर नव्हे तर सुमारे ५० फूट पश्चिमेला, जुन्या रस्त्याच्या कडेला उभे होते, असं त्यांनी ठरवलं आणि गणित पुन्हा मांडलं. १९९१ मध्ये त्यांनी दिलेलं उत्तर होतं १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद.