पीपीटी वर्गात आली कुठून?

पीपीटीतल्या, म्हणजे पॉवरपॉइंट सादरीकरणातल्या, एका पानाला आपण ‘स्लाइड’ म्हणतो, कारण एके काळी ती खरोखरच सरकवावी लागे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९च्या सुमारास बनवलेल्या ‘मॅजिक लँटर्न’मध्ये दिवा आणि भिंग यांच्या मधल्या फटीतून काचेवर रंगवलेले चित्र सरकवत. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रण आले आणि तीच काच वर्गांत, व्याख्यानगृहांत शिरली. ब्रिटिश मापाची काच सव्वातीन इंच चौरस. भिंगातून चित्र उलटे पडते, म्हणून काच डोके खाली करून घालायची. घालताना चूक होऊ नये यासाठी काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका चिकटवलेला असे. काच फिरवली की तो वरच्या उजव्या कोपऱ्यात, नेमका अंगठ्याखाली येई. अंधारात चाचपडत काचा बदलणाऱ्याची ही सोय होती.

तो अंधार ध्यानात ठेवावा. वर्गात आजवर आलेल्या प्रत्येक पडद्याला तीन प्रश्न विचारले, तर त्याचे बरेचसे गुणदोष उलगडतात. खोलीत उजेड राहतो की नाही? शिक्षकाचे तोंड कुणीकडे असते? आणि मजकूर किती वेगाने पुढे जायचा, हे कोण ठरवते? खडू-फळ्यात उजेड असतो, पाठ वर्गाकडे होते, पण वेग हाताचा असतो. चाळीस शब्द फळ्यावर लिहायला दोन-तीन मिनिटे जातात आणि तेवढ्यात वर्गाच्या वह्यांतही ते उतरतात. हा संथपणा फळ्याचा दोष मानला गेला. खरे तर फळ्याची निम्मी ताकद त्यातच होती.

१९३०च्या दशकात रंगीत ३५ मिलिमीटरची फिल्म आली आणि काचेच्या जागी दोन इंच चौकटीत बसवलेली छोटी पारदर्शिका आली. १९६०च्या दशकात कोडॅकच्या कॅरोझेल प्रोजेक्टरने ऐंशी खाचांचा गोल ट्रे घरोघरी आणि शाळा-महाविद्यालयांत नेला. यात बिघाड ठरलेले असत. पुठ्ठ्याची चौकट कोपऱ्यात वाकली की ती खाचेत अडकायची. दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगून बाहेर आली की सुरुवातीला स्वच्छ दिसणारे चित्र काही सेकंदांत धूसर व्हायचे आणि पुन्हा फोकस करावा लागे. रंगांचा खोलवर रुजलेला एक संकेतही इथलाच: गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरे. मिट्ट काळोखात पांढराशुभ्र पडदा डोळ्यांवर येतो, म्हणून ही निवड योग्यच होती. गंमत अशी की अंधार गेला तरी संकेत राहिला. वर्गातले दिवे चालू असताना आजही निळ्या पानावर पिवळी अक्षरे दाखवली जातात आणि मागच्या बाकांवर काहीच वाचता येत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. ‘काळे’ म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा, आणि त्यावर खोलीतला उजेड पडलेलाच असतो. त्यामुळे उजेडाच्या वर्गात फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरे, हेच चालते.

पीपीटीचे खरे मूळ मात्र ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला. पुढे ‘थ्रीएम’ कंपनीत रॉजर ॲपलडॉर्न यांच्या कामातून स्वस्त, आटोपशीर यंत्र तयार झाले आणि १९६०च्या दशकात ते शाळांत पोचले. रचना सोपी आहे. खाली दिवा, त्यावर काचेचा चौकोनी मंच, मंचाखाली बारीक वर्तुळाकार खोबणींचे चपटे फ्रेनेल भिंग आणि वर दांड्यावर भिंग-आरसा. आरसा प्रतिमा वळवून मागच्या पडद्यावर टाकतो. म्हणून शिक्षक वर्गाकडे तोंड करून, दिवे न घालवता, समोरच्या पारदर्शक कागदावर हाताने लिहू शकतो. वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी बरोबर आलेले यंत्र दुसरे क्वचितच सापडेल.

चांगले शिक्षक त्यावर काय करत, हे जवळून पाहण्यासारखे आहे. रक्ताभिसरण शिकवायचे तर असे चार पारदर्शक कागद, म्हणजे पारदर्शिका, एकावर एक ठेवत. तळाला शरीराची बाह्यरेषा, तिच्या एका कडेला चिकटपट्टीची बिजागरी करून हृदय, दुसऱ्या कडेला धमन्या, तिसऱ्या कडेला नीला. एकेक पान उलटून वर आणले की आकृती डोळ्यांदेखत भरत जाई. चारही पाने नेमकी जुळावीत म्हणून कोपऱ्यांत अधिकचिन्हे काढून ठेवत. यादी एकेका ओळीने उघडायची तर वर कागद धरत. अनुभवी माणूस तो कागद पारदर्शिकेच्या खाली सरकवी, म्हणजे वरच्या वजनाने कागद घसरत नाही आणि मंचावरच्या उजेडात पुढची ओळ स्वतःला पुसटशी वाचता येते. आजच्या पीपीटीतले ‘क्लिक केल्यावर दिसणे’ हे त्या कागदाचेच वंशज.

या यंत्राचे त्रासही होते. आरसा वर कलता असल्याने प्रतिमा वर रुंद, खाली अरुंद पडे; पडद्याची वरची कड पुढे ओढून बांधली की ती सरळ होई. हॅलोजन दिव्याला उघडी बोटे लावली की त्वचेचे तेल काचेवर राहून तिथेच तो जास्त तापे आणि लवकर जाई. झेरॉक्स यंत्रात साधी पारदर्शिका घातली तर ती आत वितळून रोलरला चिकटे. उष्णता सोसणारी वेगळी घ्यावी लागे. अशा चुकीची किंमत पारदर्शिकेपेक्षा कितीतरी मोठी असे.

आता १९८७. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ‘फोरथॉट’ या छोट्या कंपनीत मॅकिंटॉशसाठी एक प्रोग्राम तयार केला. आधीचे नाव ‘प्रेझेंटर’, ते बदलून ‘पॉवरपॉइंट’. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती आणि तिचे मुख्य काम पडद्यावर दाखवणे नव्हतेच. लेझर प्रिंटरवर ओव्हरहेडच्या पारदर्शिका आणि बोलणाऱ्याची टिपणे छापून देणे, एवढेच तिचे उद्दिष्ट. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत रंग आले आणि ३५ मिलिमीटरच्या स्लाइड बनवून घेण्याची सोय झाली. १९९०मध्ये ती विंडोजवर आली. म्हणजे हे सॉफ्टवेअर दोन जुन्या यंत्रांसाठी छपाईचे साधन म्हणून जन्मले, तेही कंपनीच्या बैठकांसाठी. १९९४च्या आवृत्तीत ‘ऑटोकंटेंट विझार्ड’ आला. तो धोरण सुचवण्याचे, प्रगती सांगण्याचे मुद्दे आयतेच मांडून देई. मोठे शीर्षक, खाली ठिपक्यांची यादी, यादीत उपयादी, हा साचा तिथे पक्का झाला. तो विझार्ड २००७च्या आवृत्तीत काढून टाकला गेला, पण साचा वर्गात ठाण मांडून बसला. भूमितीचे प्रमेय किंवा कवितेचे रसग्रहण ठिपक्यांच्या यादीत मावत नाही, आणि ते का मावावे?

संगणकाचे चित्र थेट पडद्यावर टाकायला आधी एलसीडीची सपाट पाटी ओव्हरहेडच्या मंचावर ठेवत. ती निम्म्याहून जास्त प्रकाश गिळायची, त्यामुळे पुन्हा अंधार करावा लागला. पुढे स्वतंत्र एलसीडी प्रोजेक्टर आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये शोधलेल्या सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणारे डीएलपी प्रोजेक्टर १९९६मध्ये बाजारात आले. पारा-वाफेच्या दिव्याचे तासांतले ‘आयुष्य’ म्हणजे साधारणपणे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, दिवा फुटेपर्यंतचा नव्हे. पहिल्या वर्षी वाचता येणारी स्लाइड तिसऱ्या वर्षी फिकी पडते ती त्यामुळे. दोष मात्र स्लाइड बनवणाऱ्याला लागतो.

या टप्प्यावर मजकुराचा वेग ठरवणारा हात सुटला. चाळीस शब्द एका बटणासरशी उमटू लागले. वर्ग ते उतरवत असतो तोवर शिक्षक पुढे बोलत असतो, आणि बहुधा पडद्यावरचेच वाचत असतो. यामुळे नुकसान का होते, हे संशोधनात तोवर बरेच स्पष्ट झाले होते. ॲलन पाइव्हिओ यांनी १९७१मध्ये शब्द आणि प्रतिमा अशा दुहेरी संकेतनाचा सिद्धांत मांडला. जॉन स्वेलर यांनी १९८८मध्ये बोधात्मक भाराचा, म्हणजे शिकताना मनावर एका वेळी किती ओझे पडते याचा, विचार पुढे आणला. रिचर्ड मेयर यांनी पुढच्या दशकांत या पायावर असंख्य प्रयोग केले. त्यांतले दोन निष्कर्ष वर्गासाठी सर्वांत कामाचे. चित्र दाखवत तोंडी समजावणे हे चित्रासोबत छापील मजकूर देण्यापेक्षा बहुधा चांगले, कारण डोळे आणि कान काम वाटून घेतात. आणि चित्र समजावत असताना तोच मजकूर पडद्यावर अक्षरशः लिहून ठेवणे हे सहसा घातक, कारण डोळे वाचनात अडकतात आणि वाचनाचा वेग बोलण्याशी जुळत नाही.

एक थंड पाण्याचा शिडकावा आधीच झाला होता. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३मध्ये मांडले की माध्यम हे फक्त माल पोचवणारे वाहन आहे. शिकणे घडते ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझमा यांनी १९९०च्या दशकात त्याला उत्तर दिले की काही माध्यमांना जमणाऱ्या गोष्टी इतरांना जमतच नाहीत. दोघांचे म्हणणे एका ठिकाणी नीट बसते. पेशीविभाजनाची हालचाल फळ्यावर दाखवता येत नाही, तिथे माध्यम महत्त्वाचे. व्याख्या दाखवायला पडदा लागत नाही.

‘मल्टिमीडिया’ वर्गात फसण्याचे जे प्रकार आहेत, त्यांतही जुन्या निर्णयांच्या खुणा आहेत. २०१०च्या आवृत्तीपूर्वी व्हिडिओ फाइलीत साठवला जात नसे, फक्त त्याचा पत्ता साठवला जाई. पीपीटी पेनड्राइव्हवर घेतली, व्हिडिओ घरच्या संगणकावर राहिला, आणि वर्गात काळा चौकोन दिसला. म्हणून आधी दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून मगच व्हिडिओ घालायचा, ही शिस्त होती. आता व्हिडिओ आत बसतो, तरी एमपी४ सोडून दुसरा प्रकार असेल तर तो दुसऱ्या संगणकावर चालेलच असे नाही. व्हीजीए तारेतून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी तार लागते. एचडीएमआयमधून जातो, पण मग संगणकाचा आवाज बंद होऊन तो प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे वळतो. तास सुरू होण्यापूर्वी ध्वनीचे उपकरण तपासले की पाच मिनिटे वाचतात. २०१३पासून नवी पीपीटी १६:९ मापाची उघडते. ती १०२४ बाय ७६८च्या, म्हणजे ४:३ मापाच्या, जुन्या प्रोजेक्टरवर टाकली तर वर-खाली काळे पट्टे येऊन उंचीचा पाव भाग वाया जातो आणि अक्षरेही त्याच प्रमाणात लहान होतात.

अक्षरांचा हिशेब जुन्या दृक्श्राव्य नियमांवर आजही करता येतो. शेवटचा बाक पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून लांब नसावा, म्हणजे नऊ मीटर खोल वर्गाला दीड मीटर उंच पडदा. इंचाला ७२ पॉइंट या हिशेबाने साडेसात इंच उंचीच्या स्लाइडवर ५४० पॉइंट मावतात, म्हणून १८ पॉइंटची ओळ त्या पडद्यावर पाच सेंटिमीटरची होते आणि अक्षराचा मूळ भाग त्याच्या निम्मा. नऊ मीटरवरून ही वाचनाची अगदी सीमा. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांनाही त्याच उंचीत जागा लागते, म्हणून २८ पॉइंटच्या खाली जाऊ नये आणि ओळींतले अंतर सढळ ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात टाइप केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. असा जुना साठा एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. घाई असेल तर पीडीएफ करून न्यावे, त्यात फॉन्ट सोबत जातो, मात्र व्हिडिओ आणि हालचाली गळून पडतात.

सुटलेला हात परत आणण्याचे प्रयत्नही पीपीटीच्या बरोबरीनेच चालले होते. १९९१मध्ये ‘स्मार्ट बोर्ड’ आला. त्याच्या सुरुवातीच्या रचनेत समोरच्या प्रोजेक्टरमुळे लिहिणाऱ्याची सावली पडे, आणि बोर्ड जरा हलला की लिहिलेले भलतीकडे उमटे, म्हणून पुन्हा जुळवणी करावी लागे. डॉक्युमेंट कॅमेरा त्याहून साधा: टेबलावर कागद, वर कॅमेरा, आणि शिक्षक वर्गाकडे तोंड करून पेनाने लिहितो आहे. पॉवरपॉइंटमध्येही सोय जुनीच आहे. स्लाइड चालू असताना ‘बी’ दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा दाबले की परत येतो. कंट्रोल-पी दाबले की माउस पेन होतो. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की मधली बारा पाने भरभर उलटावी लागत नाहीत. आणि नुसती आकृतीची रेषा असलेली कोरी स्लाइड घेऊन तिच्यावर वर्गासमोर पेनाने नावे लिहीत गेले, की बिजागरीच्या चार पारदर्शिकांचे काम एका पानावर होते.