वेब मॅशअप : अध्यापनातील उपयोग

दोन किंवा अधिक स्वतंत्र स्रोतांकडील माहिती वा सेवा एकत्र जोडून तयार केलेल्या वेबपानाला किंवा उपयोजनाला वेब मॅशअप म्हणतात. वर्गात शिक्षकाने तयार केलेला मॅशअप विद्यार्थी वापरतात किंवा विद्यार्थी स्वतःच तो जुळवतात. दुसऱ्या पद्धतीला वेळ फार लागतो, तरी शिकण्याच्या दृष्टीने तीच अधिक सकस म्हणावी लागेल. कारण दोन माहितीसंच स्थळ, काळ की नाव यांपैकी कशाच्या आधारे जोडायचे, हे ठरवताना विषयाच्या मुळाशी जावेच लागते.

२००५ साली पॉल रॅडमाकर यांनी क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरील घरांच्या जाहिराती गूगल मॅप्सवर मांडून हाउसिंगमॅप्स हे संकेतस्थळ तयार केले. गूगलने आपल्या नकाशाचा एपीआय (इतर प्रोग्रॅमना ती सेवा वापरू देणारा दुवा) त्यानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये खुला केला. २००७ मध्ये आलेल्या याहू पाइप्स या सेवेत माहितीचे स्रोत व त्यांवरील क्रिया दाखवणारे ठोकळे पडद्यावर ओढून एकमेकांना जोडता येत असत, त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या शिक्षकांनाही मॅशअप करणे शक्य झाले.

भूगोलाच्या तासाला भूकंपांचा मॅशअप विशेष उपयोगी पडतो. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था भूकंपांची ताजी माहिती जिओजेसन (स्थानासह माहिती नोंदवण्याची मजकुरी फाइल-पद्धत) स्वरूपात विनामूल्य देते. गेल्या ३० दिवसांतील ४.५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे भूकंप नकाशावर मांडून त्यावर भूपट्टांच्या सीमांचा थर चढवला, की बहुतेक ठिपके त्या सीमांच्या आसपास दाटलेले दिसतात. ठिपक्यांना खोलीनुसार रंग दिले, तर जपानच्या परिसरात पूर्वेकडून पश्चिमेकडे भूकंप खोल होत जातात आणि पॅसिफिक भूपट्ट तिरका खाली सरकत असल्याचे विद्यार्थ्यांना स्वतःच ताडता येते.

चुकाही बोधक ठरतात. जिओजेसनमध्ये आधी रेखांश व नंतर अक्षांश लिहितात, तर अनेक नकाशा-सेवांत हा क्रम उलटा असतो. अदलाबदल झाली, की चिलीतील सँटियागोजवळचा भूकंप थेट अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात जाऊन पडतो. देशांच्या नावांवरून जोडणी केली आणि एका तक्त्यात ‘म्यानमार’, तर दुसऱ्यात ‘ब्रह्मदेश’ असेल, तर तो देश नकाशावर कोराच राहतो. म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे देशसंकेत वापरणे श्रेयस्कर. याहून सूक्ष्म चूक म्हणजे रुग्णांची नुसती संख्या नकाशावर रंगवणे. असा नकाशा बव्हंशी लोकसंख्येचाच नकाशा ठरतो, आणि लोकसंख्येचा तक्ता जोडून दर काढल्याशिवाय त्यावरून रोगाविषयी फारसे काही कळत नाही. नकाशा देखणा असला की ही उणीव सहज झाकली जाते, त्यामुळे गुणांकन करताना जोडणी कशी केली याकडे अधिक लक्ष द्यावे. इतिहास व साहित्य या विषयांत कालपट, नकाशा आणि विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहातील चित्रे यांची सांगड घालतात. तेथे मुख्य श्रम स्रोत तपासण्याचे असतात.

परक्या सेवांवरील अवलंबन ही या साधनाची मोठी मर्यादा आहे. याहू पाइप्स २०१५ मध्ये, तर तक्ते जोडून नकाशावर मांडणारे गूगल फ्यूजन टेबल्स २०१९ मध्ये बंद झाले; गूगल मॅप्सच्या एपीआयसाठी २०१८ पासून देयक खाते जोडणे आवश्यक झाले. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला पर्याय आहे, मात्र त्याचा श्रेयनिर्देश नकाशावर करावा लागतो. ऐन तासाला फीड (सेवेकडून येणारी ताजी माहिती) मिळाला नाही तर अडू नये, यासाठी आदल्या दिवशीच माहितीची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवावी आणि ती कोणत्या तारखेची आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे.